जित्याची खोड

वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर वय कमी करून लिहायचं असतं आणि बोन्सायच्या प्रदर्शनात वाढवून. एरवी सगळी दुनिया म्हातारपण लपवण्याच्या उद्योगात गुंतलेली. केसांना कलप, सुरकुत्यांना मलम, गुडघ्याचा पट्टा पँटच्या आतून. झाड मात्र एकदा उथळ तबकात जाऊन बसलं की हिशेब उलटा होतो. ज्या लक्षणांसाठी माणसाला हाडांच्या डॉक्टरकडे नेतात, त्याच लक्षणांसाठी बोन्सायला पहिलं बक्षीस मिळतं. पाठीला बाक हवा. साल भेगाळलेली हवी. पायाशी मुळं शिरा फुगल्यागत वर आलेली हवीत. जाणकार त्यांना ‘नेबारी’ म्हणतात आणि चष्मा कपाळावर सरकवून, खाली वाकून बघतात. एखादी फांदी पार वाळून पांढरी पडलेली असली तर मग विचारूच नका. जानेवारीत पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोन्सायच्या मांडवापाशी जरा वेळ उभं राहून बघा. ‘वय ४० वर्षे’ अशी पाटी लावलेल्या वडापुढे, पासष्टीत पंचावन्न सांगणारी मंडळी भक्तिभावाने उभी असतात.

आता ते चाळीस खरे की कसे, हे पडताळायची सोय नाही. झाडाचं वय खोडातली वर्तुळं मोजून कळतं आणि वर्तुळं मोजायची तर झाड कापावं, निदान पोखरावं लागतं. तेव्हा मालक सांगेल ते वय. मागच्या वर्षी याच वडाच्या पाटीवर ३५ होतं, असं कुणी कुजबुजलं तर प्रदर्शनाच्या हवेने झाड लवकर पिकतं असं समजून पुढे सरकावं.

आमचे साडू या कलेतले. साडू हे नातं मोठं विचित्र. दोन अनोळखी पुरुषांनी एकाच घरच्या मुली केल्या, एवढ्या अपराधापायी दोघांनी जन्मभर एकमेकांचं ऐकून घ्यायचं. त्यात आमचे साडू थोरले, म्हणजे ऐकायचं काम माझ्याकडे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाणी सोडायचं की नाही, सोडायचं तर कुणाला आणि किती, या विचारात त्यांची हयात गेली. आता गच्चीवर तबकं मांडून ते तेच करतात. फरक एवढाच की मोर्चे येत नाहीत.

जपानात या छंदाची सुरुवात डोंगरावर होते. कड्याच्या फटीत वारा-बर्फ खात, शे-दोनशे वर्षं कसाबसा तग धरून राहिलेला एखादा वाकडातिकडा ज्युनिपर हेरायचा, दोर लावून खाली उतरायचं आणि मुळासकट सोडवून आणायचा. याला ‘यामादोरी’ म्हणतात. पुण्यात त्यासाठी कडा उतरायची गरज नाही. पक्षी पिंपळाची फळं खातात आणि बी पेठेतल्या भिंतींवर टाकून जातात. जुन्या वाड्याची चिरफाळलेली भिंत, मोरीच्या पाइपाचं कोपर, पाण्याच्या टाकीची कड, जिथे माती चमचाभर आणि पाणी गळेल तेवढंच, तिथे पिंपळ उगवतो आणि वर्षानुवर्षं वीतभर उंचीवर अडून राहतो. निम्मं बोन्साय तिथेच तयार. रस्त्याने जाताना सगळं पुणं खाली खड्डे बघत चालतं. आमचे साडूबुवा दुसऱ्या मजल्यावरचे पाइप बघत चालतात.

सध्या त्यांच्या गच्चीवर मानाच्या जागी असलेला पिंपळ असाच एका वाड्यातून आला. ‘तुमच्या पाइपाला पिंपळ आलाय,’ साडूबुवांनी मालकांना सांगितलं.

‘ठाऊक आहे. पिंपळ तोडत नाहीत. पाप लागतं.’

‘तोडत नाही हो, अलगद काढून घरी नेतो.’

‘न्या. पाप तुमचं.’ मालकांनी खातं वर्ग करून टाकलं. तेवढ्यात भाडेकरू बाहेर आले. पिंपळ मालकांच्या भिंतीवर असला तरी मुळं त्यांच्या मोरीत होती आणि इतकी वर्षं तो त्यांच्या आंघोळीच्या पाण्यावर पोसला होता. झाड काढू देणं म्हणजे मोरीवरचा हक्क सोडणं, अशी त्यांची शंका. त्यावरून अर्धा तास भाडे नियंत्रण कायद्याची उजळणी झाली. शेवटी ‘काढताना पाइप फुटल्यास जबाबदारी नेणाऱ्याची’ असं कागदावर लिहून, सही करून साडूबुवांनी छिन्नी-हातोडा काढला. पाइप फुटला नाही. पण मोरी गळायला लागली, कारण इतके दिवस ती पिंपळानेच तुंबवून धरली होती.

तबकातला प्रत्येक खुजा जीव म्हणजे बोन्साय असं मात्र समजू नका. मॉलमध्ये जाड बटाटेदार मुळं वर काढलेला एक फायकस मिळतो, गृहप्रवेशाला भेट म्हणून हमखास येतो. साडूबुवा त्याला ‘कंदमूळ’ म्हणतात आणि उपवासाला चालतं का विचारतात.

पाइपावरून आणलेलं झाड निदान एक पावसाळा नुसतं जगू द्यायचं असतं. त्यानंतर त्याच्यावर संस्कार सुरू होतात. रविवारी सकाळी गच्चीवर वर्तमानपत्र पसरलं जातं. त्यावर कात्र्या, पकडी, आणि जबडा आतून वळलेलं एक अवजार, ज्याने फांदी कापली की जखम खोलगट होते आणि भरल्यावर गाठ राहत नाही. शेजारी तांब्याच्या तारेची वेटोळी. ही तार मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून येते आणि गॅसवर लाल करून नरम केली जाते; त्या दिवशी ताईंच्या, म्हणजे साडूबुवांच्या सौभाग्यवतींच्या, चहाला भट्टीचा वास येतो. तार फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यायची. आधी खोडाला विळखा घालून पक्की करायची, मग तिरकी, ४५ अंशांत, एकसारखे वेढे घेत टोकापर्यंत न्यायची. एका तारेत दोन फांद्या बांधल्या की त्या एकमेकींना धरून राहतात. वेढे घट्ट झाले तर साल चिरते, सैल राहिले तर फांदी ऐकत नाही. मग दोन्ही अंगठे फांदीखाली देऊन साडूबुवा ती दाबायला लागतात, केसभर, आणखी केसभर, आणि सगळ्यांना हाताने गप्प करतात, कारण मोडण्याआधी फांदी बारीक ‘टक्’ करते आणि तो आवाज ऐकून थांबायचं असतं. खालून मिक्सर लागला तर ते जिन्यातून ओरडतात.

फांद्यांचाही क्रम ठरलेला. पहिली एका बाजूला, दुसरी विरुद्ध बाजूला, तिसरी मागे. मागची फांदी समोरून नीटशी दिसत नाही, पण ती नसली की झाड सपाट पडतं. हे सांगताना ते माझ्याकडे बघतात. मी मागची फांदी आहे असं त्यांना सुचवायचं असावं.

पावसाळ्यात फायकसवर्गाची झाडं झपाट्याने जाड होतात आणि तार सालीत रुतते. तेव्हा ती वेळेत उतरवायची, तीही उलगडून नाही, तुकडे करून. उलगडायला गेलं की सहा महिन्यांचं वळण एका झटक्यात मोडतं. इतकी महागाची तार कापून टाकताना कोणत्याही पुणेकराचा जीव खालीवर होणारच. साडूबुवा ते तुकडे डब्यात जमवतात. पुढे काय करायचं हे ठरलेलं नाही, पण डबा फेकायचा नाही हे ठरलेलं आहे.

ज्युनिपरच्या बाबतीत तर ते आणखी पुढे जातात. एखाद्या जिवंत फांदीची साल सोलून तिला मारायचं, लाकडाचे तंतू पकडीने ओढून टोक फाटल्यागत करायचं आणि त्यावर चुना-गंधकाचं द्रावण ब्रशने लावायचं. लाकूड हाडागत पांढरं पडतं आणि गच्चीवर नासक्या अंड्यांचा वास सुटतो. फांदीवरच्या या मेलेल्या भागाला ‘जिन’ म्हणतात, खोडावरच्या पट्ट्याला ‘शारी’. ‘झाडावर वीज पडली होती, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे,’ साडूबुवा समजावतात. ज्या भागात ते राहतात तिथे वीज पडत नाही, जाते. पण ते ज्युनिपरला कळायचं काही कारण नाही.

मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं. याच गृहस्थाने मुलाला बारावीच्या वर्षी पावसाचा थेंब अंगावर पडू दिला नाही. क्लासला रिक्षा, रिक्षात रेनकोट, रेनकोटाखाली स्वेटर. टक्केटोणपे खायची पाळी पोरावर येऊ नये म्हणून आयुष्यभर कर्जाचे हप्ते भरले. आणि निवृत्तीनंतर, पेन्शनीतून, झाडासाठी टक्केटोणपे विकत आणतात. वादळ, बर्फ, वीज, दुष्काळ, जे जे मुलाला चुकवलं ते ते ज्युनिपरच्या वाट्याला.

घरातल्या वस्तूंचंही तसंच. बोन्सायला बागेतली काळी माती चालत नाही. पाणी धरून मुळं कुजवते. जपानात त्यासाठी ‘अकादामा’ नावाची दाणेदार माती आहे. आपल्याकडे विटा फोडायच्या, चाळायच्या, पूड टाकून द्यायची आणि मधले दाणे ठेवायचे. म्हणजे निदान दोन प्रकारच्या चाळण्या हव्यात. त्या स्वयंपाकघरातून जातात आणि कधी परत येतात, कधी नाही. एका गणपतीत मोदकाची उकड गुलाबी झाली. बीट घातलंय का म्हणून कौतुक झालं, तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत. दोन-तीन वर्षांनी झाड तबकातून काढून मुळं विंचरून कापायची असतात, त्यासाठी काटे लागतात. त्या घरात नूडल्स चमच्याने खातात.

रस्त्यावरच्या झाडाची फांदी उतरवायची तर १९७५ चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, अर्ज आहे, हरकती आहेत. साडूबुवा चहा पिता पिता वडाचा शेंडा उडवतात आणि कुणी ब्र काढत नाही. वडाला पारंब्या हव्यात म्हणून मात्र त्यांनी जो जीव पाखडला त्याला तोड नाही. दमट हवेत फांदीवर पारंबीचा कोंब येतो, पण मातीपर्यंत पोचायच्या आत वाळून जातो. त्यावर उपाय असा की सरबत प्यायची नळी उभी चिरायची, आत ओलं शेवाळ भरायचं आणि पारंबी त्यातून खाली न्यायची. २०२२ साली देशभर प्लॅस्टिकच्या नळ्यांवर बंदी आली. कागदाच्या नळीने पारंबी मातीत पोचायच्या आत नळीच मातीला मिळते. तेव्हापासून साडूबुवांच्या कपाटात, जिथे इतर लोक दागिन्यांच्या पावत्या ठेवतात तिथे, जुन्या नळ्यांचा एक जुडगा आहे.

जपानी लोक म्हणतात, पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षं जातात. साडूबुवांनी हे ऐकल्यावर आपली खात्यातली सगळी सेवा त्यात धरायला सुरुवात केली. तबक दोन-तीन बोटं खोल, त्यात माती नाही, विटांचे खडे. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या उन्हात सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत उडतं. दिवसातून दोनदा घालावंच लागतं. त्यामुळे घराबाहेर मुक्काम नाही. लग्नाला जातात ते पंगतीला वेळेवर पोचतात आणि विडा तोंडात न घालता उठतात, कारण पाच वाजता गच्चीवर ऊन उतरतं. केरळची सहल कित्येक वर्षं ठरते आहे. अमेरिकेत नातू झाला तेव्हा ताई एकट्या गेल्या. बाळाने मे महिन्यात यायला नको होतं, असं साडूबुवांनी व्हिडिओ कॉलवर सुनेला सांगितलं.

२०१९ च्या जानेवारीत जपानमध्ये सायतामा प्रांतात एका बोन्सायवाल्याच्या बागेतून सात झाडं चोरीला गेली. त्यातला एक शिंपाकू ज्युनिपर ४०० वर्षांचा, किंमत एक कोट येनहून अधिक. चोर निवडून निवडून घेऊन गेले. त्यानंतर त्या घरच्या बाईंनी फेसबुकवर जे लिहिलं त्याची जगभर बातमी झाली: झाडांना पाणी घाला, पाण्यावाचून ती आठवडाभरही राहणार नाहीत. ही बातमी साडूबुवांनी मला मोठ्याने वाचून दाखवली आणि चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘चोर जाणकार होता. चांगली तीच उचलली.’ त्यात थोडा हेवा होता. त्यांच्या गच्चीचं दार उघडंच असतं आणि आजवर तिथून फक्त एक बादली गेली.

पाहुण्यांचे प्रश्न हा स्वतंत्र विषय आहे. पहिला प्रश्न: ‘केवढ्याला पडलं?’ दुसरा: ‘वाढत कसं नाही?’ तिसरा विचारला जात नाही, खालच्या आवाजात सांगितला जातो: ‘घरात असं खुरटलेलं झाड ठेवू नये म्हणतात, प्रगती खुंटते.’ हे सांगणारे गृहस्थ त्याच पदावर बावीस वर्षं आहेत आणि त्यांच्या घरी मनीप्लांट छताला टेकलाय. फळांविषयी लोकांना खास कुतूहल. झाड लहान केलं तर आंबाही बोराएवढा होत असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. पानं लहान करता येतात. झाड सशक्त असताना सगळी पानं खुडली की नवी येतात ती बारीक येतात. फळ मात्र दाद देत नाही. साडूबुवांच्या हातभर चिंचेला शेंगा लागतात त्या बाजारात मिळतात तेवढ्याच, आणि तबकाच्या कडेवर टेकून बसतात. लहान मुलांना हे फार आवडतं. चिंच तोडायला झाडावर चढावं लागत नाही, खाली बसावं लागतं.

एकदा एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी पिंपळाकडे बोट करून विचारलं, ‘मुंजा कुठे राहतो?’ सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. पिंपळ म्हटल्यावर मुंजा आला, आणि एवढ्याशा पिंपळावर तो पाय लांब करून बसणार कसा, हा प्रश्न त्यांना रास्त वाटत होता. साडूबुवा म्हणाले, आजकाल सगळेच वन बीएचकेत राहतात. मात्र त्या रात्री त्यांनी गच्चीचं दार आतून लावलं.

‘हाची नो की’ नावाचं एक जुनं जपानी नो नाटक आहे. बर्फाळ रात्री एक भिक्षू एका दरिद्री सामुराईच्या दारी येतो. घरात सरपण नाही. तेव्हा सामुराई आपली जिवापाड जपलेली कुंडीतली प्लम, चेरी आणि पाइनची झाडं तोडून पाहुण्याला शेक देतो. पाहुणा निघतो राज्याचा माजी कारभारी. पुढे सामुराईला जमिनी मिळतात. साडूबुवा ही गोष्ट सांगताना गहिवरतात. डिसेंबरातल्या एका रात्री मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो आणि चांगलंच गारठलं होतं. मी जरा सूचकपणे गच्चीकडे पाहिलं. ते उठले, आत गेले, घरातल्या दोन्ही जादा गोधड्या घेऊन बाहेर आले आणि ज्युनिपरवर घातल्या.

पण वडाचा खरा मान ज्येष्ठी पौर्णिमेला. साडूबुवांच्या सोसायटीसमोरचा मोठा वड रस्तारुंदीत गेला. त्यानंतर वटपौर्णिमेला बायका मंडईतून वडाच्या फांद्या आणत. मग फांद्या तोडू नका, अशी मोहीम दरवर्षी निघायला लागली, ती बऱ्यापैकी पटली, आणि पूजेचं काय करायचं हा प्रश्न उरला. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की सर्वात वरच्या मजल्यावर एक वड आहे, पारंब्यांसकट.

साडूबुवांनी परवानगी दिली ती अटींवर. हळद-कुंकू तबकाच्या कडेला, मुळांवर नाही. पाणी पळीने, तेही त्यांनी हात वर केला की थांबायचं. दूध अजिबात नाही. सूत खोडाभोवती, फांद्यांमधून न्यायचं नाही. नुकतीच तार काढली आहे. हॉलमधला सोफा भिंतीला लावला, टीपॉय मधोमध आला, त्यावर वड. साडूबुवा पट्टी घेऊन बाजूला उभे. सकाळी नऊला पैठण्या आणि नऊवाऱ्या चपला काढून आत आल्या आणि पहिलाच खोळंबा झाला: तोंड कोणीकडे? बोन्सायला पुढची बाजू असते, मागची असते. झाड सगळीकडून बघायचं नसतं. ‘इथून,’ साडूबुवा म्हणाले. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, ‘देवाला पाठ नसते,’ आणि स्वयंपाकघराच्या बाजूने सुरुवात केली.

सात फेरे म्हटले की मोठ्या वडाला चांगला पाऊण तास. टीपॉयला पंधरा सेकंदांत एक. फेऱ्यांची सवय झालेल्या बायकांना मोजदाद राहीना. पाच झाले की सात, यावर वाद होऊन दोघींनी पुन्हा पहिल्यापासून धरले. रांगेतली शेवटची पहिलीच्या पाठीला लागली आणि सगळी सुवासिनीमंडळी गोल गोल फिरू लागली. पंखा बंद, त्यामुळे घाम. वाणाचा आंबा खोडाला टेकून ठेवला तर वड मागे झाकून गेला. फणसाचे गरे तबकात मावेनात म्हणून वर्तमानपत्रावर. आणि सूत! मोठ्या वडावर सूत दिसेनासं होतं, इथे वड दिसेनासा झाला. दहाव्या बाईपर्यंत टीपॉयवर पांढऱ्या सुताचं एक बंडल होतं आणि त्यातून तीन पानं बाहेर आली होती. साडूबुवांचा हात वर तो वरच.

सगळ्यांचं झाल्यावर आजींनी ताईंना म्हटलं, ‘अगं, तुझं राहिलं की. ये, सात जन्म मागून घे.’

‘मागते हो,’ ताई चहाचे कप गोळा करता करता म्हणाल्या. ‘पण हे आंघोळीला गेले, दूधवाल्याशी बोलत बसले, की वर पाणी मी घालते. सात जन्म नवरा मागायला हरकत नाही. सात जन्म पाणी घालायचंय का, तेवढं आधी ठरवू द्या.’

साडूबुवा त्या वेळी कात्रीने सूत सोडवत होते. ऐकू आलं नाही असं त्यांनी दाखवलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की पाटबंधारे खात्यात राहून शिकलेली विद्या म्हणजे नक्की कोणती.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात एक जपानी पाइन आहे. १६२५ पासून तो तबकात वाढवला जातोय. शिवाजी महाराजांचा जन्म त्यानंतरचा. हिरोशिमातल्या यामाकी घराण्याचा तो पिढीजात. १९४५ साली बॉम्ब पडला त्या ठिकाणापासून घर काही किलोमीटरवर. बागेच्या भिंतीआड तो वाचला. १९७६ मध्ये अमेरिकेला दोनशे वर्षं झाली म्हणून जपानने जी झाडं भेट दिली, त्यांत हाही गेला. पण हिरोशिमाचा विषय तिथे कुणालाच ठाऊक नव्हता. पंचवीस वर्षांनी, २००१ मध्ये, यामाकींचे दोन नातू झाड बघायला आले, तेव्हा उद्यानाला कळलं. पंचवीस वर्षं एवढी मोठी गोष्ट पोटात! आमच्या पुण्यात १९६१ साली पानशेतचं पाणी ज्यांच्या घराच्या फक्त पायरीला लागलं, तेही अजून रोज एकदा ते सांगतात.

साडूबुवांना त्या पाइनपेक्षा ओमियाचं अप्रूप जास्त. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोतले बोन्सायवाले उठून तिकडे गेले आणि १९२५ मध्ये त्यांनी गावच वसवलं. तिथे राहायचं तर नियम होते: प्रत्येकाकडे कमीत कमी दहा बोन्साय हवेत, दारं सगळ्यांना उघडी हवीत, दुमजली घर बांधायचं नाही. साडूबुवांच्या सोसायटीचंही परिपत्रक निघालंय: गच्चीवर कुंड्या ठेवू नयेत, गळती होते. त्यात आता पुनर्विकास आलाय. बिल्डर सात मजले चौदा करतो म्हणतो. सगळे सभासद चटई क्षेत्राचं भांडतायत. साडूबुवांनी एकच प्रश्न विचारला, समोरच्या इमारतीची सावली डिसेंबरात किती वाजता येईल? बिल्डरने तो प्रश्न लिहून घेतला आणि सल्लागाराला द्यायचं कबूल केलं.

त्यावरून पुढचा मुद्दा निघाला, वारशाचा. जपानात झाड बापाकडून मुलाकडे जातं. साडूबुवांच्या मुलाने तिकडून स्वच्छ कळवलं की परदेशची माती अमेरिकेत येऊ देत नाहीत. मुळं धुऊन, दाखले काढून, मगच. ‘आणि बाबा, मला वेळ कुठे आहे?’ हेही कळवलं. पुनर्विकासाची दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात, तिथे गच्ची नाही.

मध्यंतरी ते न कळवता सकाळी आमच्याकडे आले. चहा नको म्हणाले, तिथेच मला शंका यायला हवी होती. सरळ बाल्कनीत गेले. मोबाइलवर होकायंत्र उघडलं, हात लांब करून सूर्य कुठून कुठे जाईल त्याचा अदमास घेतला, कठडा हलवून पाहिला.

‘दक्षिण आहे,’ ते म्हणाले. ‘पाच तास ऊन मिळेल. चालेल.’

‘कशाला?’

‘आधी लहानातली चार आणतो. मे महिन्यात तुम्ही कुठे जाता का?’

‘कोकणात जातो. दर वर्षी.’

‘जायचात,’ साडूबुवा म्हणाले आणि खिशातून टेप काढून कठडा मोजायला लागले.